नाव नसलेला रकाना

सोमवारी सकाळी माईंनी चहाचे दोन कप टेबलावर ठेवले, तेव्हा समोरच्या दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. चहाचं सोडा, पण घरची थोरली बाई खोलीत आली की माणसानं निदान पापणी तरी हलवावी, असं माईंचं म्हणणं. म्हणून त्यांनी दुसरा कप जरा आपटूनच ठेवला.

"माई, सांडला," लांब्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"सांडला नाही, सांडवला. पूस आता."

घराची पुढची खोली हेच ऑफिस. तीन टेबलं, पाच स्क्रीन, पायांत घोटाळणाऱ्या वायरी, आणि भिंतीवर एक भला मोठा स्विचबोर्ड. धंदा मुलाचा. तो दिवसभर बाहेर फिरून गिऱ्हाइकं आणायचा. सून आणि लांब्या आत बसून प्रोग्राम लिहायचे. लांब्या म्हणजे पगारी प्रोग्रामर. दारातून वाकून आत यायचा, म्हणून माईंनी पहिल्याच दिवशी त्याला लांब्या म्हटलं आणि ते त्याला चिकटलं.

दुकानांबद्दल लोक सोशल मीडियावर जे बरंवाईट लिहितात, ते सगळं वेचून एका पानावर दुकानदारासमोर मांडायचं, असं ते काम. मुलाच्या डोक्यातून निघालेलं. माई ज्याला त्याला हे ऐकवत. नवरा गेल्यापासूनची एकोणीस वर्षं त्यांनी या एका पोरासाठी काढली होती आणि पोरगं सोन्यासारखं निघालं होतं. त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, तर माई त्याच्या सात पिढ्या उद्धरत.

काम कसं चालतं हेही त्यांना ठाऊक होतं. सोशल मीडियावाल्या कंपनीची एक खिडकी असते. सून तिला एपीआय म्हणायची, माई खिडकीच म्हणत. बाहेरून चिठ्ठी सरकवायची, की अमक्याची माहिती द्या. आतून उत्तर येतं. आत कोण बसलंय ते कुणी पाहिलेलं नाही. माई शिकल्या तिसरीपर्यंत, पण विधवेचे कागद घेऊन कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. एपीआय सुनेच्या आधी मला कळली, असं त्या तोंडावर सांगत.

शुक्रवारपासून ही खिडकी बिघडली होती. चिठ्ठी टाकली की उत्तर लवकर येईना, कधी येईचना. शनिवारी सुनेनं त्यावर तोड काढली. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर प्रोग्रामनं तीच चिठ्ठी परत सरकवायची. उत्तर मिळेपर्यंत सरकवतच राहायची.

"माहितीच तर मागायची," ती म्हणाली होती. "दहादा मागितली म्हणून काय बिघडतं?"

माईंना ते पटलं होतं. कचेरीत त्याही तेच करत.

आता सोमवारी नवीनच भानगड. उत्तरात एक रकाना जास्तीचा येत होता. नाव, फोटो, गाव, मित्र किती, हे नेहमीचे रकाने. त्यांच्या खाली एक, ज्याला नावच नाही. नुसता आकडा.

"कागदपत्रांत याचा उल्लेख नाही," सून म्हणाली. "मी सगळी पानं चाळली."

"आपल्या चौघांचं काय येतंय बघू," लांब्या म्हणाला.

हा त्यांचा शिरस्ता होता. काही नवीन ठोकून बघायचं तर गिऱ्हाइकाच्या खात्यावर कोण बघणार? म्हणून घरच्यांचीच खाती टेस्टला ठेवलेली. मुलाचं, सुनेचं, लांब्याचं आणि माईंचं. माईंचं खातं तर त्यासाठीच वर्षापूर्वी उघडलेलं. एक फोटो, तोही तोंड वाकडं केलेला.

चौघं एकाखाली एक स्क्रीनवर आले. मुलगा, दोन. लांब्या, चार. सून, सत्तावन्न. माई, दोनशे बारा.

"माई पहिल्या नंबरावर!" लांब्या हसला. "लाइक असतील."

"एवढ्यांना मी आवडले असते तर तुझ्यासारख्याला चहा पाजत बसले असते का?"

सून हसली नाही. तिनं बाही मनगटापर्यंत ओढली आणि पुढची चिठ्ठी टाकली.

मंगळवारी लांब्या उशिरा आला. डावा डोळा मिटलेला, वरचा ओठ फाटलेला. चौकात त्याची स्कूटर कुणाच्या तरी गाडीला घासली होती. गाडीवाला उतरला आणि काही न बोलता त्यानं दोन ठोसे लगावले. लोक बघत उभे होते.

"तू नाही मारलास?" माईंनी बर्फ फडक्यात बांधून दिला.

"त्याच्यापर्यंत हात पोचेपर्यंत तो गाडीत बसला होता, माई."

त्यानं एका डोळ्यानं स्क्रीन उघडला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याच्या नावापुढे सहा होते.

"काल चार होते ना, वहिनी?"

सून पुढची चिठ्ठी टाकत राहिली.

लांब्या बोटांवर मोजू लागला. "वडलांच्या दोन. गणिताच्या सरांची एक. ताईनं लाटणं फेकून मारलं ते एक. झाले चार. आयुष्यात एवढंच खाल्लंय मी." मग त्यानं डोळ्यावरचा बर्फ खाली घेतला. "आणि आजचे दोन."

"योगायोग रे," माई म्हणाल्या. "खिडकीला काय कळतंय!"

पण त्या स्वयंपाकघरात आल्या आणि गॅस न पेटवताच त्यांनी पातेलं वर ठेवलं. मुलाचे दोन त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सात वर्षांचा होता, बापानं पट्ट्यानं हाणले होते. तिसरा पडायच्या आत माई मध्ये गेल्या. तो तिसरा आणि त्यापुढचे सगळे त्यांनी आपल्या पाठीवर घेतले. हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यानं मला फुलासारखं ठेवलं, असं त्या चारचौघींत सांगत आणि सांगताना मान ताठ ठेवत. दोनशे बारा. त्यांनी स्वतः कधी मोजले नव्हते. पण आकडा ऐकताच तो बरोबर आहे हे त्यांच्या पाठीला कळलं होतं.

नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. खातं उघडून एक.

आणि सुनेचे सत्तावन्न. ती या घरात येऊन सहा वर्षं झाली होती.

माहेरी मारत असतील, माईंनी मनाशी ठरवलं. ठरवून टाकलं की बरं असतं.

त्या संध्याकाळी आतल्या खोलीत कपाटाचं दार आपटल्यासारखा आवाज झाला. कपाटं घराघरांत आपटतात. माईंनी टीव्ही मोठा केला.

बुधवारी सकाळी त्या चहा घेऊन आल्या आणि कप ठेवायच्या आधी त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. अठ्ठावन्न.

"सूनबाई," त्या म्हणाल्या.

"हं?"

"काही नाही. साखर कमी झालीय का बघ."

कंपनीच्या मदत विभागाकडून उत्तर आलं होतं. लांब्यानं ते मोठ्यानं वाचलं. "आमच्या उत्तरात असा कोणताही रकाना नाही. कृपया आपला प्रोग्राम तपासावा." त्यानं टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे आम्ही वेडे! थांबा. या रकान्यात बाहेरून लिहिता येतं का तेच बघतो. येत असलं तर पुराव्यासकट पाठवतो, मग बोला म्हणावं."

"नको," सून म्हणाली.

"का?"

तिनं बाही पुन्हा मनगटापर्यंत ओढली.

लांब्यानं तासाभरात छोटंसं पान बनवलं. वर चौघांचे फोटो, खाली आकड्याची चौकट, त्याखाली बटण. चिठ्ठी पाठवायला सुनेनं लिहिलेलाच प्रोग्राम जोडला. मग स्वतःचा फोटो निवडला, चौकटीत एक लिहिला आणि बटण दाबलं.

फाट् असा आवाज झाला.

लांब्याची मान खांद्यापर्यंत फिरली. खुर्ची चाकांवरून मागे जाऊन भिंतीवर आदळली, चष्मा उडून वायरींत पडला. खोलीत तिघंच होते. सून तिच्या टेबलाशी, माई दारात, दोघीही त्याच्यापासून चार हात लांब. लांब्याच्या नाकातून रक्त आलं आणि कीबोर्डवर टपटपलं. गालावर चार बोटं उठली. आधी पांढरी, मग लाल.

स्क्रीनवर सात आला होता. त्याखाली खिडकीचं उत्तर: ठीक.

"मला कुणी मारलं?" लांब्यानं विचारलं. लहान मुलासारखा आवाज निघाला त्याचा.

माईंनी त्याच्या तोंडाशी पाण्याचा ग्लास धरला. त्याचे दात काचेवर वाजत होते.

"हात गरम होता, माई. माणसाचा होता. घामेजलेला."

त्यानं बॅग उचलली, चष्मा शोधलाच नाही. दारात वाकायला विसरला आणि कपाळ चौकटीवर आपटून घेतलं. "दादांना सांगा, मी येणार नाही," एवढं बोलून तो गेला.

दादा, म्हणजे माईंचा मुलगा, दीड वाजता आला. ऊन डोक्यावर घेऊन आला होता. चपलांच्या दुकानवाल्यानं त्याला दोन तास बाहेर बसवून ठेवलं होतं, पाच दिवस त्याच्या पानावर एक अक्षर दिसलं नाही म्हणून. त्यानं लांब्याची रिकामी खुर्ची बघितली.

"कुठंय तो?"

"गेला," सून म्हणाली. "सोडून गेला. अहो, ऐका, त्या रकान्यात…"

"तू घालवलास."

"नाही हो, ते…"

माई दारातच होत्या. हातात जेवणाचं ताट होतं. आजवर हे आतल्या खोलीत, कपाट आपटल्याच्या आवाजाआड होत आलं होतं. आज त्याला दार लावायचंही भान राहिलं नाही. माईंची नजर सुनेच्या पाठीमागच्या स्क्रीनवर होती, म्हणून त्यांना ते दिसलं. मुलाचा हात अजून वरच होता, आणि आकडा अठ्ठावन्नचा एकोणसाठ झाला.

मग हात खाली आला.

सून टेबलाच्या कडेवर पडली. ती सावरून उभी राहतेय तोवर आकडा साठ झाला आणि त्यानं पालथ्या हातानं दुसरी दिली. तिच्या तोंडातून रक्ताची लाळ जमिनीवर पडली. ती ओरडली नाही. मारणाऱ्याला ओरडण्याचा आणखी राग येतो, हे माईंना माहीत होतं. सुनेलाही माहीत होतं.

"आई, वाढ," मुलगा म्हणाला. "भूक लागलीय." आणि आतल्या खोलीत गेला. आतून बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला. हात धूत होता.

सून भिंतीला धरून उठली आणि मागच्या मोरीत तोंड धुवायला गेली. जाताना तिनं सासूकडे बघितलं. रागानं नाही. त्या काही बोलतायत का, एवढंच.

माईंनी ताट लांब्याच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या खुर्चीत बसल्या. पान उघडंच होतं. अक्षरं लागायला त्यांना वेळ लागायचा, पण फोटो ओळखायला शाळा लागत नाही. मुलाचा फोटो देखणा होता. केस मागे वळवलेले, हसरा. त्याच्या बापाचीच जिवणी.

या पोराला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. हेही त्या अभिमानानं सांगत.

एक. एकच द्यायची. वीस वर्षांपूर्वी द्यायची राहून गेलेली, आईच्या हातची एक. म्हणजे कळेल.

त्यांनी फोटोवर टिचकी मारली, चौकटीत एक लिहिला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

नळ वाहत होता. खिडकीचं उत्तर येईना. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बारीक चक्र फिरत राहिलं. त्याच्या शेजारी 'पाठवलं: १' होतं, ते माईंच्या डोळ्यांदेखत २ झालं. मग ३.

सून टॉवेल तोंडाला लावून आली आणि जागीच थांबली. "माई, काय केलंत?"

"एकच दिलीय मी. ती लागेचना."

"उत्तर येईपर्यंत तो पाठवत राहतो, माई. दर दोन सेकंदांनी. मीच तसा…"

आत फाट् असा आवाज झाला.

नळ वाहतच होता. मुलगा ओरडला, "कोण आहे?"

दुसरी. मग लगोलग तिसरी. काहीतरी काचेचं फुटलं.

"बंद कर!" माई ओरडल्या. "सूनबाई, बंद कर ते!"

सून स्विचबोर्डापाशी गेली. मोठ्या काळ्या बटणावर तिनं बोट ठेवलं.

ठेवलं आणि उभी राहिली.

पाठवलं: ११. पाठवलं: १२.

"कोण आहे? कोण मारतंय? आई!"

"अगं दाब! दाब ना!" माईंनी तिचा दंड धरला. दंड दगडासारखा होता. सून भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

माई तिला सोडून आत धावल्या.

मुलगा बेसिनखाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. भुवई फाटली होती. एक दात फरशीवर पडला होता आणि नळाचं पाणी सांडून त्याला हळूहळू दाराकडे नेत होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माईंच्या समोर त्याचं डोकं एकदा डावीकडे गेलं, भिंतीवर आपटलं, मग उजवीकडे. कानातून रक्त आलं.

माईंनी त्याला पोटाशी घेतलं. त्याच्यावर ओणव्या झाल्या, पाठ वर करून. ही पाठ तयार होती. तिला सवय होती.

पुढची फटकन आली. माईंच्या कानाजवळून गरम वारा गेला आणि त्यांच्या मिठीत मुलाचा जबडा मोडला.

पाठीला काही लागलं नाही. एकही नाही.

"सूनबाई!" त्या ओरडत राहिल्या. "अगं, तुझ्या पाया पडते!"

बाहेर बटण खट्कन दाबलं गेलं. पंखा थांबला. सगळे स्क्रीन गेले. नळ तेवढा वाहत राहिला.

सून दारात येऊन उभी राहिली.

"किती गेल्या?" माईंनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"आणि लागल्या किती?"

"सतरा."

मुलाचं डोकं माईंच्या हातात उजवीकडे वळलं.

"अठरा," सून म्हणाली.

हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी एक त्यांच्या डोळ्यांदेखत लागली. ते हातात फाइल धरून जबडा तपासत होते. फाइल खाली पडली. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. परिचारिका खोलीत आल्या की भिंतीच्या कडेनं चालत.

कधी तासाला चार लागत. कधी अर्धा दिवस काहीच नाही, आणि मग चमचाभर सूप तोंडाशी नेताना एक. सत्तर झाल्या तेव्हा सून घरी जाऊन कॉम्प्युटर उघडून आली.

"एपीआय नीट झालीय," ती पलंगाच्या त्या बाजूला बसत म्हणाली. "पटापट उत्तर देते. तो रकाना आता येत नाही. कुणाच्याच नावापुढे नाही."

"मग परत कसं घ्यायचं?" माईंनी हळूच विचारलं. "लिहून परत नाही का घेता येत?"

"कुठं लिहू, माई? चौकटच नाही."

आपण पाठवलं हे माईंनी मुलाला सांगितलं नव्हतं. सुनेनंही नाही. बटणावर बोट ठेवून कोण किती वेळ उभं होतं, हे माईंनी सुनेला विचारलं नाही. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसत. दुपारचं ऊन पलंगावर पसरलेलं असे, आणि ज्या बाजूनं फटका येई, त्या बाजूची बाई गाल पुसून देई.

मुलाच्या जबड्याला तारा होत्या. शब्द चावत बाहेर यायचे. त्यानं डोळे उघडले.

"अजून… किती?"

माईंनी त्याच्या पायांवरची चादर ओढून नीट केली.

"मोजू नका," सून म्हणाली. मायेनं म्हणाली. "मोजलं की जास्त लागतं. मी सांगते ना."

त्याची उशी खाली घसरली होती. ती सारखी करायला तिनं हात वर केला.

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, मान खांद्यात ओढली आणि गाल पुढे केला.

सुनेचा हात तसाच हवेत राहिला. उशी सारखी करायला लागतो, त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.